बुधवारी मॅच, बुधवारीच ‘सर्कल’ : विद्यापीठाच्या संघातलं पिणं

शॉर्टकॉर्नर

मी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात पीएचडी करते आणि तिथल्या मुलींच्या हॉकी क्लबच्या दुसऱ्या संघात खेळते. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. संघातल्या काहीजणी गूगलला कामाला लावून हे वाचतील इतक्या चौकस आहेत. पिंपरीत नेहरूनगरच्या पॉलिग्रासवर (कृत्रिम हिरवळीवर) शिकलेली हॉकी इथं येऊन पुन्हा सुरू होईल असं निघताना डोक्यातही नव्हतं, पण झाली.

यंदा क्लबच्या कमिटीत मला ‘वेल्फेअर’चं पद मिळालंय. सप्टेंबरअखेर नव्या मुली येतील, त्यांच्या स्वागताची रात्र कशी असावी यावर आता घासाघीस चालू आहे. त्यात तोंड उघडायचा मला हक्क आहे, म्हणून इथल्या अनुभवी लोकांना विचारतेय. मी स्वतः पीत नाही. आधीच सांगते, कारण पहिल्या पाच प्रतिसादांत कुणीतरी विचारणारच.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आमचा बुधवार कसा असतो ते लिहिते. ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांत बुधवारी दुपारी तास ठेवत नाहीत, ती वेळ खेळासाठी राखलेली. आंतरविद्यापीठ सामने (त्या संस्थेला सगळे ‘बक्स’ म्हणतात) त्याच दुपारी. मॅच संपली की यजमान संघ पाहुण्यांना खाऊ घालतो, त्याला ‘टीज’ म्हणतात. पास्ता, चिप्स, कधी लसणीचा ब्रेड. इथवर सगळं गोड. मघाशी जिने घोट्यावर स्टिक हाणली तीच शेजारी बसून केचप पुढे करते.

मग घरी जाऊन आंघोळ, आणि सात वाजता पबच्या वरच्या मजल्यावर किंवा कुणाच्या तरी घरी ‘सर्कल’. ठरलेल्या थीमचे कपडे घालून सगळ्या गोल उभ्या राहतात, मध्ये सोशल सेक्रेटरी. ती एकेकीचे गुन्हे वाचते आणि दंड सांगते. दंड म्हणजे हातातलं पिणं. उजव्या हातात ग्लास धरला, दंड. कुणाला पहिल्या नावाने हाक मारली, दंड. बोट दाखवलं, दंड (कोपर दाखवायचं असतं). मॅचमध्ये सर्वांत चांगली खेळली तिनेही प्यायचं आणि सर्वांत मोठी माती खाल्ली तिनेही. म्हणजे पिण्यापासून सुटका फक्त मधल्या फळीतल्यांना! नऊनंतर सगळा जथा स्टुडंट्स युनियनच्या क्लबात. तिथे सगळ्या खेळांचे संघ आलेले असतात. लागर बिअर, सायडर (सफरचंदाची दारू) आणि ब्लॅककरंटचं सरबत एकत्र करून जांभळं पेय देतात, व्हीके नावाच्या गोड व्होडका-पेयाच्या रंगीत बाटल्या असतात, जमीन चपलेला चिकटते. गुरुवारी सकाळी नऊच्या लेक्चरला कोण येतं ते विचारू नका.

आता मुद्दा. न पिणाऱ्यांना कुणी बळजबरी करत नाही. माझ्या ग्लासात लिंबाचं सरबत असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्या संघात ब्रॅडफर्डची एक मुलगी आहे, घरचे मूळचे पाकव्याप्त काश्मिरातल्या मीरपूरचे. आमच्या क्लबातली सर्वांत भरवशाची राइट बॅक. ती टीज खाते, हसतखेळत बोलते आणि साडेपाचची बस पकडून घरी जाते. पदाधिकाऱ्यांची निवडणूक वार्षिक सभेत होते आणि ती सभा असते पबमध्ये, सर्कलच्या आधी. मतदान हजर असणाऱ्यांचं. ती तिसऱ्या वर्षाला आहे आणि आजवर कुठल्याही पदासाठी तिचं नाव कुणी सुचवलेलं नाही. मनात आकस आहे म्हणून नव्हे, त्या वेळी ती डोळ्यांसमोर नसते म्हणून. कोच अकरा जणी निवडतो त्या ट्रेनिंग बघून, पण संघ ठरतो बुधवारी रात्री.

तर प्रश्न असा, की ही रात्र न मोडता तिची पकड कशी सैल करायची? तुमच्या विद्यापीठांच्या संघांत काय होतं, तेही लिहा.

मधलीसुट्टी

वाचतेय. विषय चांगला आहे. ‘कोपर दाखवायचं’ वाचून खूप हसले.

रात्रपाळी

मी मिडलँड्समध्ये मास्टर्स केलं, बॅडमिंटन क्लबात होतो. थोडी उलटी बाजू मांडतो.

ऑक्टोबरात साडेसहाला अंधार पडायचा. वर्गात निम्मी मुलं आपलीच, त्यांच्याबरोबर राहिलो असतो तर वर्षभर डाळभात आणि नोकरीच्या अर्जांची चर्चा यापलीकडे काही दिसलं नसतं. त्या बुधवारांनी मला माणसं दिली. डर्बीचा एक प्लंबरचा मुलगा, एक वेल्श मुलगी, एक नायजेरियन डॉक्टर. आजही बोलणं आहे. ते दंड, ते मूर्खासारखे कपडे, सगळ्यांनी एकत्र हास्यास्पद व्हायचं, यात लाजाळू माणसाची लाज मोडते. मी पुण्यातून गेलो तेव्हा अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलायची बोंब होती. दारूला शिव्या घालताना या गोष्टीची किंमतही मांडा. सकाळी आठला कॉफी प्यायला बोलावलं असतं तर मी गेलो नसतो हे नक्की.

शॉर्टकॉर्नर

@रात्रपाळी, बरोबर आहे, आणि म्हणूनच ‘रात्र न मोडता’ असं लिहिलं. मलाही तिथेच माणसं मिळाली. पण तुम्ही पीत होतात ना? लाज मोडायला जे लागतं ते तुमच्या ग्लासात होतं. बाकीचे तिसऱ्या पेयावर असताना पूर्ण शुद्धीत कोंबडीच्या पोशाखात उभं राहून बघा एकदा, मग बोलू.

रात्रपाळी

हाहा. मान्य. कोंबडीचा पोशाख मात्र आमच्याकडेही होता.

खंडाळाघाट

शारीरिक शिक्षण संचालक म्हणून महाविद्यालयात नोकरी केली, आता निवृत्त. विद्यापीठाच्या संघांबरोबर व्यवस्थापक म्हणून पुष्कळ फिरलो. इंग्लंडचं मला माहीत नाही, आपल्याकडचं सांगतो.

आपल्याकडे संघाला क्लबघर नाही, पब नाही. संघ महाविद्यालया-महाविद्यालयांतून निवडलेला, सराव शिबिराचे काही दिवस सोडले तर मुलं एकमेकांना ओळखतही नाहीत. मग संघ कुठे ‘जमतो’? रेल्वेच्या डब्यात. पश्चिम विभागाच्या स्पर्धेला जायचं, स्लीपरचं आरक्षण, दोन-दोन दिवसांचा प्रवास. नवे ब्लेझर घातलेली पोरं पहिल्या रात्री शहाण्यासारखी असतात. भीती परतीची.

कारण असं आहे. स्पर्धा बाद पद्धतीची. परतीची तिकिटं आपण आशेने शेवटच्या दिवसाची काढलेली असतात. संघ पहिल्याच दिवशी हरला की तीन-चार दिवस रिकामे. परका गाव, खिशात दैनिक भत्त्याचे पैसे, वर हरल्याचा राग. मी जी जी प्रकरणं निस्तरली ती जवळजवळ सगळी या रिकाम्या दिवसांतली. जिंकणाऱ्या संघाला प्यायला वेळ नसतो, दुसऱ्या दिवशी सकाळी मॅच असते. मी पुढे एक केलं, हरलो की त्याच संध्याकाळी स्टेशनवर जाऊन तिकिटं बदलायची खटपट करायची, मिळेल तशी, वेळ पडली तर दोन तुकड्यांत. आणि ते होईपर्यंत पोरांना घेऊन गाव बघायचं. भोपाळला असेच अडकलो तेव्हा भीमबेटका बघून आलो. मुलं आधी कुरकुरली, नंतर दगडावरची चित्रं बघून गप्प झाली.

दैनिक भत्ता रोख एकरकमी देऊ नये, रोजचा रोज द्यावा. हा साधा उपाय, पण भाषणांपेक्षा जास्त चालतो.

उंडगा

सर, भत्त्याचं अगदी खरं! आमच्या व्हॉलीबॉलच्या संघात सीनियर लोक ज्युनियरचा भत्ता ‘जमा’ करायचे. ‘संघाचा फंड’ म्हणे. त्यातून स्प्राइटच्या बाटल्यांत काय भरलं जायचं ते मॅनेजरना सोडून सगळ्या बोगीला माहीत. ज्युनियरचं काम चकणा आणणं, ग्लास भरणं, बर्फ पैदा करणं. रात्री अकराला नागद्याला बर्फ कुठे मिळतो हे मी आजही सांगू शकतो.

मला कुणी ‘पी’ म्हणालं नाही. पण जो बसला त्याला दुसऱ्या दिवशी कोर्टवर पास मिळायचे. शॉर्टकॉर्नर म्हणतेय ते हेच.

पेठेतलाबॅक

आमच्या कोल्हापुरात तालमीत बघा जावा. वस्तादाच्या डोळ्यापुढं पोरगं सुपारी खायला भीत्यात. दूध, थंडाई, बदाम, पहाटे उठून मेहनत. खेळाडू असा घडतोय. ही इंग्रजांची थेरं कशाला पाहिजेत?

उंडगा

@पेठेतलाबॅक, भावा, आयडी बघता तू फुटबॉलवाला दिसतोस. शाहू स्टेडियमवर फायनल जिंकल्यावर पेठेत रात्रभर काय थंडाई चालते का? :ड

पेठेतलाबॅक

ते वेगळं. तो सण हाय.

डॉ. गुळवेल

सगळ्यांचं हसून झालं असेल तर थोडं वैद्यकीय.

पहिलं हिशेबाचं. ब्रिटनमध्ये ‘युनिट’ मोजतात : १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट. ते उतरवायला शरीराला साधारण एक तास लागतो. लिंबू, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, जोर काढणं, यातल्या कशानेही तो वेग वाढत नाही. तिथला सल्ला आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नये असा आहे, तोही दिवसांत विभागून. चार टक्क्यांच्या बिअरचा एक पाइंट म्हणजे सव्वादोन युनिटच्या वर. आपल्याकडची १८० मिलिलिटरची क्वार्टर ४२.८ टक्क्यांची, म्हणजे पावणेआठ युनिट. रात्री अकराच्या सुमारास झटपट रिचवलेली क्वार्टर सकाळी सहाच्या वॉर्मअपला रक्तात थोडीफार असतेच. ‘झोपून उठलो, उतरली’ हे खरं नाही.

दुसरं खेळाडूंसाठी. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आठ तरुणांना वजनं उचलायला आणि सायकल चालवायला लावून नंतर भरपूर दारू दिली, वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅम अल्कोहोल. व्यायामानंतर स्नायूंमध्ये नवीन प्रथिनं तयार होण्याचं जे काम चालतं, ते नुसतं प्रोटीन घेतलं तेव्हाच्या मानाने दारूबरोबर प्रोटीन घेऊनही सुमारे २४ टक्क्यांनी कमी झालं. प्रोटीनऐवजी कर्बोदकं दिली तेव्हा ३७ टक्क्यांनी. माणसं आठच, मात्रा मोठी, त्यामुळे एका बिअरला हे लावू नका. पण सर्कलमधल्या रात्रीला लावायला हरकत नाही. दुपारी ७० मिनिटं पळून रात्री हे करायचं म्हणजे आपणच घातलेलं पीक आपणच चारून टाकायचं.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं. थोड्या वेळात भरपूर प्यायलेला माणूस झोपला की धोका संपला असं लोक समजतात. पोटातलं अल्कोहोल तो झोपल्यावरही रक्तात जात राहतं, पातळी वाढत राहते. उलटी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून जो ठसका लागतो तो बधिर झालेला असतो. जोरजोरात घोरणं हे गाढ झोपेचं नव्हे, घशाचे स्नायू ढिले पडल्याचं लक्षण असू शकतं. हाक मारून, खांदा दाबून जाग येत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, ओठ निळसर, अंग गार, तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. तिथे ९९९, महाराष्ट्रात १०८. ‘सरांना कळेल’, ‘घरी कळेल’ म्हणून थांबू नका.

आरमारी

डॉक्टरांनी लिहिलंय तसंच न्यूकॅसलला घडलं होतं. डिसेंबर २०१६. तिथे खेळाचा संघ नव्हता, कृषी सोसायटी होती, पण पद्धत तीच, नव्यांची ‘इनिशिएशन’, म्हणजे त्यांना आपल्यात घेण्याचा विधी. पबमागून पब, नंतर एका घराच्या तळघरात आणखी, मुलांची डोकी भादरली. वीस वर्षांचा मुलगा गेला. बाकीच्यांना वाटलं झोपून उतरेल. रक्तातलं अल्कोहोल गाडी चालवण्याच्या तिथल्या मर्यादेच्या पाचपट निघालं. २०१८ मध्ये कॉरोनरपुढे (मृत्यूचं कारण तपासणारा अधिकारी) चौकशी झाली तेव्हा हे सगळं बाहेर आलं. विद्यापीठात इनिशिएशनला बंदी आधीपासूनच होती!

त्याच्या दहा वर्षं आधी, २००६ मध्ये, एक्झिटरला गोल्फ सोसायटीच्या रात्रीनंतर अठरा वर्षांचा मुलगा गेला. पहिल्या वर्षाचा. म्हणजे संघ फुटबॉलचा, रग्बीचा, दांडगटांचाच हवा असं काही नाही. गोल्फ!

शॉर्टकॉर्नर

@आरमारी, हो. त्या बंदीनंतर काय झालं ते मी आतून बघतेय. ‘इनिशिएशन’ शब्द कुठल्याच कागदावर नाही. आमच्याकडे कमिटीला प्रशिक्षण असतं, धोक्यांचं भाषण असतं, फॉर्मवर सही असते. आणि कार्यक्रमाचं नाव असतं ‘वेलकम ड्रिंक्स’. खेळ तेच, फक्त ‘कुणावर सक्ती नाही’ हे वाक्य सुरुवातीला मोठ्याने म्हणतात. अठरा वर्षांच्या मुलीला, जिला शहरात येऊन दहा दिवस झालेत आणि जिला या वीसजणींनी आपलं म्हणावं एवढीच इच्छा आहे, तिला ते वाक्य ऐकूही येत नसेल.

@डॉक्टर, तुमचा तिसरा मुद्दा इंग्रजीत करून आमच्या ग्रुपवर टाकू का?

डॉ. गुळवेल

अवश्य. माझं नाव नको.

टेनरी

केंब्रिजमध्ये होतो, कॉलेजच्या रोइंग क्लबात, नावेत सर्वांत मागे बसून ओरडणारा कॉक्स. (वजन कमी असल्याचा आयुष्यात झालेला एकमेव फायदा.) तिथल्या प्रकाराला ‘स्वॉप’ म्हणतात, ऑक्सफर्डला ‘क्रू डेट’. एका कॉलेजच्या मुलांचा संघ, दुसऱ्या कॉलेजच्या मुलींचा, आणि जागा कुठली? भारतीय हॉटेल! वाइनची बाटली आपापली आणायची.

तिथला प्रसिद्ध खेळ ‘पेनीइंग’. तुमच्या ग्लासात कुणी एक पेनीचं नाणं टाकलं की ग्लास ताबडतोब रिकामा करायचा, का तर नाण्यावरची राणी बुडतेय, तिला वाचवा. आता नाण्यावर राजा आलाय, त्यालाही पोहता येत नसावं. नाणं ताटातल्या गोडात टाकलं तर हात न लावता खायचं.

वाढणारे काका सिल्हेटकडचे, तिथली बरीचशी ‘इंडियन’ हॉटेलं बांगलादेशीच चालवतात. वीस पोरं टेबलं बडवतायत, भिंतीवर नान चिकटवतायत आणि हे चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता जालफ्रेझी वाढतायत. एकदा मी बंगालीत मोडकंतोडकं ‘माफ करा’ म्हणालो. ते म्हणाले, “बिल भरतात ना? मग ठीक.” सगळ्या चर्चेत या माणसाचा कुणी विचार करत नाही. दुसऱ्या दिवशी ते कार्पेट कोण घासतं?

आक्का

टेनरी, हे वाचून वाईट वाटलं. आणि नान भिंतीवर?? अन्नाचा असा खेळ.

माझा मुलगा यंदा सप्टेंबरात ब्रिस्टलला चाललाय. रोइंग करायचं म्हणतोय. शाळेत कधी पोहला नाही नीट, पण ते एक असो. आमच्या घरात कुणी घेत नाही, पण तो तिथे अजिबात घेणार नाही असं समजण्याइतकी मी भोळी नाही. त्याला काय सांगून पाठवू? ‘पिऊ नकोस’ म्हटलं की ‘हो आई’ म्हणतो आणि फोनमध्ये डोकं घालतो.

जर्सीकर

अमेरिकेतलं सांगतो, तुलना करायला. इथे वय २१, सगळ्या राज्यांत. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने ज्या राज्यात वय कमी त्यांच्या रस्त्यांचा निधी कापायला सुरुवात केली, मग सगळे ताळ्यावर आले. त्यामुळे विद्यापीठाच्या संघातली पहिली तीन वर्षं पिणं बेकायदेशीर. म्हणून बंद झालं का? तळघरात गेलं. बारमध्ये निदान बारमन असतो, तो ‘आता पुरे’ म्हणू शकतो. तळघरात एकवीस वर्षांचा कॅप्टन असतो आणि लाल प्लास्टिकचे ग्लास. आणि कुणी बेशुद्ध पडलं तर पोलिसांच्या भीतीने फोन उशिरा जातो. त्यासाठी पुष्कळ राज्यांनी आता फोन करणाऱ्या मुलांना कारवाईतून सूट दिली आहे.

१९९९ मध्ये आल्फ्रेड विद्यापीठाने देशभरच्या कॉलेज खेळाडूंची पाहणी केली होती. संघात येताना हेझिंग (नव्यांना छळणं, आपल्याकडचं रॅगिंग) सोसलेले सुमारे ८० टक्के आणि पिण्याच्या स्पर्धांत किंवा दारूच्या हेझिंगमध्ये भाग घ्यावा लागलेले जवळपास निम्मे. बंदी घालायचीच तर कॅप्टनवर घाला असं माझं मत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये हेझिंगविरुद्ध केंद्रीय कायदा झाला, कॉलेजांना आता अशा घटनांचा अहवाल जाहीर करावा लागतो. बघू.

वर्धेकर

वय काय घेऊन बसले भाऊ. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडकला २५ आहे, वर परवाना लागते. आमच्या वर्धेत तर बंदीच. तरी होस्टेलच्या मागं जे भेटते ते भेटतेच, फक्त महाग भेटते. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली, पोरांचं काहीच अडलं नाही.

पण एक सांगतो. १९९९ चा आपला रॅगिंगचा कायदा लोकांना फक्त होस्टेलसाठी वाटते. त्यात संस्थेच्या आत किंवा बाहेर असं दोन्ही आहे. म्हंजे रेल्वेचा डबाही आला. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरला तर पाच वर्षं दुसऱ्या कॉलेजात प्रवेश नाही. ज्युनियरले जबरदस्तीनं पाजणारा सीनियर यात बसते. उंडगा, तुमच्या कॅप्टनले सांगून ठेवा.

उंडगा

आमचा कॅप्टन आता पोलीस खात्यात आहे. तुम्हीच सांगा त्याला.

खंडाळाघाट

वर्धेकरांची माहिती बरोबर आहे. कायदा पहिल्या शिबिरात वाचून दाखवावा. मात्र कायद्यापेक्षा कर्णधार कोण हे मोठं. कर्णधार निवडताना मी विद्यापीठाला नेहमी कळवायचो की सर्वांत चांगला खेळाडू नको, रात्री दहाला ज्याचं ऐकतात तो द्या. एकदा असा एक मुलगा मिळाला, खेळ मध्यम. तो स्वतः बसायचा, लपवत नव्हता. पण पहिल्याच रात्री त्याने सगळ्यांदेखत ज्युनियरला सांगितलं, “तू ग्लास भरायचे नाहीत. ज्याला प्यायचंय तो स्वतः भरेल.” संपलं. ना व्याख्यान, ना शपथ. त्या दौऱ्यात मी निवांत झोपलो.

तिरकीट

आयपीएलमध्ये एका संघाचं नावच व्हिस्कीच्या ब्रँडवरून आहे, सोड्याच्या नि पाण्याच्या बाटल्यांच्या आडून जाहिराती चालतात, आणि आपण पोरांना शिकवतोय. चालू द्या.

मधलीसुट्टी

तिरकीट, तो वेगळा धागा होईल. काढा.

शॉर्टकॉर्नर

सगळ्यांचे आभार. काल कमिटीची बैठक झाली, त्यात काय झालं ते लिहिते.

खंडाळाघाट सरांचा तो कर्णधार मी तिथे जसाच्या तसा वापरला. ‘जिला प्यायचंय ती स्वतः घेईल, दुसरीच्या हातात ग्लास द्यायचा नाही’ हा नियम सोशल सेक्रेटरीने न भांडता मान्य केला. मला वाटलं होतं तिथेच अडेल.

दंड राहणार. ते काढायला कुणीच तयार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते वाचन आवडतं, आमची सोशल सेक्रेटरी भन्नाट विनोदी आहे. मात्र दंड म्हणून प्यायचं, नाहीतर एक कडवं गाणं म्हणायचं, असा पर्याय आला. इंग्लिश मुली दारूपेक्षा गाण्याला जास्त घाबरतात असं दिसलं. तीन जणींनी लगेच ‘मग आम्ही पिऊच’ म्हटलं!

पहिल्या रात्री स्पिरिट्स (व्होडका, जिनसारखी कडक दारू) नाहीत. दोघी पूर्ण शुद्धीत राहणार आणि शेवटच्या मुलीला घरी पोचवून मग जाणार. त्यातली एक अर्थातच मी, दुसरी आळीपाळीने. डॉक्टरांचा मजकूर ग्रुपवर गेला. एकीने खासगीत लिहिलं की घोरण्याचं तिला माहीत नव्हतं, गेल्या वर्षी ती रूममेटला तसंच सोडून झोपली होती.

वार्षिक सभेवर मात्र जोरात वाद झाला. मी म्हटलं की सभा बुधवारी टीजच्या वेळी मैदानाजवळच्या क्लबरूममध्ये घ्या, पाच वाजता. खजिनदार म्हणाली, तिथे कुणी येणार नाही, लोक पबलाच येतात. मी विचारलं, टीजला किती जणी असतात? सगळ्याच असतात, फुकट जेवण असतं. यावर ती गप्प. मतदान घेतलं, एका मताने पास. सभा मार्चमध्ये आहे. राइट बॅकला सांगितलं तर म्हणाली, “मला कमिटीत यायचंच नसेल तर?” म्हटलं, नसेल तर नाही म्हण, पण विचारलं तर जाईल.

@आक्का काकू, मुलाला ‘पिऊ नकोस’पेक्षा तीन गोष्टी सांगा. एक, रिकाम्या पोटी जायचं नाही, आधी वरणभात नाहीतर जाडजूड पास्ता. दोन, फोन चार्ज केलेला आणि घरचा पत्ता पाठ. तीन, कुणी पडलेलं दिसलं तर त्याच्यापाशी थांबायचं, सगळे पुढे गेले तरी. आणि रोइंगसाठी आधी पोहायला शिकवा, बहुतेक क्लब ठरावीक अंतर पोहता येतं का ते बघतात. जून-जुलै हातात आहे.

आक्का

टिळक टँकवर नाव घालते उद्याच. तिसरी गोष्ट त्याला वाचून दाखवली. फोनमधून डोकं वर काढलं त्याने.

टेनरी

आक्का, कॉक्स व्हायला सांगा. वल्हवावं लागत नाही, आणि सकाळी साडेपाचला आठ जणांना झोपेतून उठवायची जबाबदारी असल्याने रात्री फार पिता येत नाही.

आक्का

तो सहा फूट आहे हो.

टेनरी

मग वल्हवू दे.